एक्स्चेंजवाल्या ताई

ताईंकडे कुणी एखादा कागद मागितला की त्या आधी विचारायच्या, "तुमी त्याले घरी काय म्हणता?" खाणकामाची कंत्राटं घेणाऱ्या आमच्या कंपनीच्या बालाघाट ऑफिसात त्या वीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. एक्स्चेंज बंद झाल्यावर त्यांना माझ्या हाताखाली, संगणक विभागात बसवलं.

सगळे नियम, फॉर्म, परिपत्रकं मी कंपनीच्या आतल्या वेबसाइटवर चढवली होती. तरी लोक ताईंनाच फोन करत. मी एकदा वैतागून म्हणालो, की त्यांना स्वतः शोधू द्या, सवय लागू दे. ताई मात्र फोन घेत राहिल्या, आणि माणसाने वापरलेला शब्द जुन्या पॅडवर टिपत राहिल्या.

मग मलाजखंडच्या साइटवरचे एक डंपर ड्रायव्हर आले, बिरसा गावाकडचे. त्यांच्या बायकोला नागपूरला दाखल करायचं होतं. त्यांनी वेबसाइटवर 'दवाखाना' टाइप केलं तर काहीच आलं नव्हतं. साइटच्या क्लार्कने शोधून दिलेला फॉर्म जुना निघाला, दवाखान्याने तो घेतला नाही आणि आजारी बाईला घेऊन ते नागपूरहून परत आले. मी म्हणालो, नवा फॉर्म आहे ना वेबसाइटवर. ताईंनी तो काढला, साहेबांची सही आणली, दोघांना नागपूरच्या बसमध्ये बसवून आल्या. फॉर्मचं नाव होतं 'परिशिष्ट सात, सुधारित'.

परत येऊन त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, कागद तं होता. पण त्याचं नाव फक्त तुमाले मालूम होतं."

मान वर करायची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी त्यांची पॅडं मागून घेतली. 'दवाखान्याची चिठ्ठी', 'बायकोचं नाव चढवणं', 'गावाले जायची छुट्टी'. त्या वाचत गेल्या, मी एकेक शब्द त्या त्या कागदाला जोडत गेलो, जुने फॉर्म काढून टाकत गेलो. महिनाभर हेच चाललं. हळूहळू ताईंचे फोन कमी झाले. वाईट वाटतं का, असं विचारलं तर म्हणाल्या, "काहून वाटंल? लोकायचं काम होऊन राह्यलं ना." पण दुपारी अधूनमधून त्या रिसीव्हर उचलून कानाला लावून बघत, लाइन चालू आहे ना म्हणून.

पावसाळा संपताना त्या निवृत्त झाल्या आणि गोंदियाला लेकीकडे गेल्या. आठवड्याभराने त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. तेच ड्रायव्हर होते. ताई निवृत्त झाल्याचं सांगून मी विचारलं, कोणता कागद हवाय?

"कागद नको, सर," ते म्हणाले. "घरची मंडळी बरी होऊन आली. ताईले सांगाचं होतं."

मी त्यांना गोंदियाचा नंबर दिला.