पडघ्याच्या प्लॉटवरची विहीर

“मॅडम, जल्दी आ जाओ. इधर चूने पे झगडा हो गया.”

फोनवर रफिकभाई होते. पडघ्याच्या साइटवरचे कॉन्ट्रॅक्टरचे सुपरवायझर. एरवी अगदी शांत बोलणारा माणूस. त्या सकाळी त्यांच्या मागे एवढा आरडाओरडा चालला होता, की मला दोनदा विचारावं लागलं. मग कळलं ते असं : कंपाउंड वॉलची लाइन जमिनीवर चुन्याने आखली होती, आणि ती शेजारच्या शेतात शिरली होती. शेत प्लॉटच्या मालकाच्या, शेठच्या सख्ख्या भावाचं. आणि भूमिपूजन त्याच दिवशी, दुपारच्या आत.

मी तेव्हा भिवंडीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कॅड इनचार्ज होते. कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. दोन हजार सालानंतर भिवंडीच्या आसपास गोडाऊन बांधायची अशी लाट आली होती, की आमच्याकडे घरांचे प्लॅन जवळजवळ बंदच झाले. कोन, पडघा, नाशिक हायवेच्या दोन्ही बाजू, जिकडे बघावं तिकडे गोडाऊन. आमचे लेले सर मूळचे ड्रॉइंग बोर्डवाले. टी-स्क्वेअर आणि पेनने आयुष्य काढलेलं. कॉम्प्युटरवर त्यांचा विश्वास होता, पण त्याला हात लावायची हौस नव्हती.

मी दिसेल ती काळीपिवळी पकडली आणि पडघ्याला निघाले. जाताना आदल्या दिवशी साइटवर दिलेल्या प्रिंटची एक कॉपी पिशवीत घातली.

साइटवर मंडप होता, झेंडूची तोरणं होती, स्टीलच्या पातेल्यात पोहे झाकून ठेवले होते आणि कोणी खात नव्हतं. भटजी खुर्चीत बसून सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते. मधोमध दोन भाऊ. थोरले हिराजीशेठ, आमचे क्लाएंट. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. आणि त्यांच्यासमोर धाकटे दत्तूभाऊ, हातात चप्पल. चप्पल मारायला नव्हती. चपलेने चुन्याची लाइन घासली जाऊ नये म्हणून त्यांनी ती काढली होती. म्हणजे पुरावा पुसला जाऊ नये म्हणून.

या दोघांचं थोडं सांगायला हवं. वडील गेल्यावर जमिनीची वाटणी झाली आणि तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद होतं. गणपतीला येणंजाणं नाही, लग्नात एकमेकांना पाठ. या पूजेच्या निमित्ताने शेठनी पहिल्यांदा पाऊल उचललं होतं. स्वतः भावाच्या घरी जाऊन सांगून आले होते, “पूजेला तू न् तुझी बायको बसा, मी मागं उभा राहीन.” दत्तूभाऊ आले. नवं धोतर नेसून, बायकोला घेऊन आले. आणि आल्या आल्या त्यांना काय दिसलं, तर भावाच्या भिंतीची लाइन आपल्या खळ्यातून गेलेली.

“पूजेला बोलावलास तो याच्यासाठी काय?” दत्तूभाऊ ओरडत होते. “एका हातान् नारळ देतूस न् दुसऱ्या हातान् माझा खला घेतूस?”

“अरं मी न्हाय केलं!” शेठचा आवाज चिरकला होता. “मॅडम, तुमीच सांगा याला. मी याची एक इंच जमीन मागितली हाय काय?”

“तो चुना काय आपला आपण चालत आला?”

 शेठनी रफिकभाईंकडे बघितलं. रफिकभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हातातली प्रिंट उघडून दाखवली. “मॅडम, जो प्रिंट में है, वही मारा है. रोड का कोना पकडा, वहाँ से टेप लगाया. दो बार चेक किया.”

मीही टेप लावून बघितला. त्यांचं म्हणणं खरं होतं. जमिनीवरचं माप आणि प्रिंटवरचं माप तंतोतंत जुळत होतं. हद्दीचे सरकारी दगड बघावेत, तर प्लॉटवर मुरमाचा भराव टाकला होता आणि मागच्या बाजूचे दगड त्याखाली गडप झाले होते. म्हणजे विश्वास ठेवायला फक्त प्रिंट उरली होती.

मी प्रिंट मंडपातल्या टेबलावर पसरली. आधी एवढंच जाणवलं, की गोडाऊन आणि कंपाउंड यांच्यामधली पूर्वेकडची जागा जरा ऐसपैस दिसतेय. हा प्लॅन मी स्वतः काढला होता. त्या बाजूला ट्रक वळवायला जागा मिळेना म्हणून मी किती डोकं खाजवलं होतं ते मला आठवत होतं. इथे तर ट्रक आरामात लोळला असता. मग मागच्या कोपऱ्याशी एक बारीक गोल दिसला. त्याच्या शेजारी लिहिलं होतं, विहीर.

मी मान वर केली. मागचा कोपरा सपाट होता. मुरूम, त्यापलीकडे गवत.

“शेठ, इथली विहीर कुठंय? भरावाखाली गेली का?”

“कसली विहीर?”

“तुमच्या प्लॉटमधली.”

आता दोघे भाऊ माझ्याकडे बघायला लागले. रागाच्या भरातही दत्तूभाऊंना राहवलं नाही. “मॅडम, आमच्या बापाचं सगलं आयुक्ष नदीवरनं पानी आनन्यात गेलं. विहीर असती तर पायजेच व्हती.”

“इथं कधीच विहीर न्हवती,” शेठ म्हणाले.

त्या सकाळी भावाभावांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट.

आणि मला ती विहीर ओळखू आली. मी तिच्या काठावर बसून वडापाव खाल्ला होता. कोनला. आमच्याच ऑफिसचं दुसरं काम होतं ते. माझे सहकारी सावंत ते बघायचे, आणि एकदा माप घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. पडघ्याच्या नकाशावर कोनची विहीर आली होती. विहिरीबरोबर कोनची सगळी हद्दच आली होती, आणि भिंतीची लाइन हद्दीवरूनच घेतलेली होती.

हे कसं होतं, ते सांगते. कॅडमध्ये आम्ही सगळं एकाच फाइलमध्ये काढत नाही. जमिनीचा सर्व्हे एका फाइलमध्ये, कॉलम दुसरीत, छप्पर तिसरीत. मुख्य ड्रॉइंग त्या फाइली फक्त खाली दाखवतं, ट्रेसिंग पेपरखाली दुसरा कागद धरावा तशा. याला एक्सरेफ म्हणतात. मुख्य ड्रॉइंगमध्ये फक्त पत्ता लिहिलेला असतो : अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक फाइल. ड्रॉइंग उघडलं की सॉफ्टवेअर त्या पत्त्यावर जातं आणि फाइल घेऊन येतं.

पत्त्यावर फाइल सापडली नाही तर? सॉफ्टवेअर लगेच हार मानत नाही. आधी मुख्य ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये बघतं. तिथे नसेल तर आपण त्याला दिलेल्या फोल्डरच्या यादीत एकेक करून शोधतं. त्या यादीला सर्च पाथ म्हणतात. आणि शोधतं ते फक्त नावाने. त्या नावाची पहिली फाइल दिसली की उचलतं.

आता आमच्या ऑफिसात काय झालं होतं? नुकताच नवा सर्व्हर आला होता. सगळी कामं माझ्या मशीनच्या डी ड्राइव्हवरून सर्व्हरच्या एफ ड्राइव्हवर हलवली होती. त्यामुळे ड्रॉइंगमधले जुने पत्ते बाद झाले होते. प्रिंट सावंतांच्या मशीनवरून निघायची, आणि त्याच्या सर्च पाथमध्ये त्यांनी कोनचं सर्व्हेचं फोल्डर टाकून ठेवलं होतं, त्यांच्या सोयीसाठी. यानेही काही बिघडलं नसतं. पण लेले सरांचा एक लाडका नियम होता : प्रत्येक कामात फाइलींची नावं तीच. सर्व्हे म्हणजे PLOT, कॉलम म्हणजे GRID, छप्पर म्हणजे ROOF. शिस्त हवी, असं सर म्हणायचे. पडघ्याच्या ड्रॉइंगला PLOT हवी होती. पहिली PLOT कोनची मिळाली. दोन्ही सर्व्हे एकाच सर्व्हेअरचे, दोन्ही नकाशांत खालच्या बाजूला रस्ता, मापांची सुरुवात रस्त्याच्या त्याच कोपऱ्यापासून. एकावर एक झक्क बसले.

हे सगळं मला त्या मंडपात सुचलं खरं, पण माझा अंदाज होता तो. अंदाजावर मी दोन भावांची भिंत कशी हलवणार? सावंत मंजुरीच्या कामाला बाहेर गेले होते. ऑफिसात एकटे लेले सर होते.

मी फोन लावला. “सर, सावंतांच्या मशीनवर बसा. पडघ्याचं कंपाउंडचं ड्रॉइंग उघडायचंय.”

“मी?”

“तुम्हीच सर. इथे भटजी घड्याळ बघतायत.”

पुढचा संवाद सगळ्या मंडपाने ऐकला, कारण सर फोनवर नेहमी खाडीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसे बोलत.

“उघडलं. आता?”

“इन्सर्ट मेनूत एक्सरेफ मॅनेजर आहे, तो उघडा.”

“आला. लांबलचक यादी आली.”

“PLOT वर एकदा क्लिक करा. एकदाच. खाली काय लिहून येतं? ‘फाउंड ॲट’ असं दिसेल.”

माउसची टकटक ऐकू आली. मग सर एकेक अक्षर वाचावं तसे म्हणाले, “एफ... प्रोजेक्ट्स... कोन... सर्व्हे... वर्षा, हे कोन इथे काय करतंय?”

“तेच तर सर! आता ब्राउज दाबा आणि पडघ्याच्या सर्व्हेच्या फोल्डरमधली PLOT दाखवा.”

मध्ये एकदा त्यांनी भलतीच खिडकी बंद केली. एकदा “सगळं गेलं” म्हणाले, ते गेलं नव्हतं. आणि मग एकदम म्हणाले, “अगं, हद्द आत सरकली! पूर्वेची रेघ तिरकी झाली बघ!”

तिरकीच होती ती. मागच्या बाजूला प्लॉट निमुळता होत जायचा, म्हणून तर ट्रक वळत नव्हता. सरांनी नवी मापं वाचून दाखवली, मी ती प्रिंटच्या कोऱ्या बाजूवर लिहिली. रफिकभाईंनी माणसं बोलावली, पुन्हा रस्त्याचा कोपरा धरला, पुन्हा टेप लावला. या वेळी टेपचं टोक खळ्याच्या बरंच अलीकडे थांबलं.

दत्तूभाऊ टेपजवळ उभे राहिले. “हे बी कागदावरचंच ना? मघाशी तो कागद खरा व्हता, आता हा खरा?”

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, “भाऊ, इथे खणून बघा. हद्दीचा दगड याच जागी असायला हवा.”

बोलून गेले, आणि मग शंका आल्या. दगड भराव टाकताना डंपरने उडवला असेल तर? सर्व्हेअरच चुकला असेल तर? रफिकभाईंच्या माणसाने पहार उचलली, तर दत्तूभाऊंनी ती त्याच्या हातातून घेतली. नवं धोतर खोचलं आणि स्वतः खणायला लागले. सगळे गोळा झाले. भटजीसुद्धा उठून आले. मुरूम निघाला, खालची काळी माती लागली, काही म्हणता काही नाही. त्यांनी पहार थोडी बाजूला मारली. ठण्ण.

शेठ गुडघ्यावर बसले आणि हाताने माती उकरायला लागले. दगडाचं घडवलेलं डोकं वर आलं, त्यावर कोरलेली खूण स्पष्ट दिसत होती.

“हा तोच जुना दगड, वाटणीला आपण हाच हद्द धरला,” शेठ म्हणाले. “बाबा आपल्याला याच्यावर बसवून शेतात जायचे, आठवतं काय?”

 दत्तूभाऊ पहार टेकवून उभे राहिले, धापा टाकत. मग म्हणाले, “तू उतरायचास न्हाय. मना खालीच बसायला लागायचं.”

शेठ हसले, आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. मातीच्या हातांनी पुसल्यामुळे गंध सगळ्या कपाळभर झालं. त्यांनी झाडू मागवला आणि खळ्यातली चुन्याची लाइन स्वतः झाडून काढली. मुहूर्त निघून जाता जाता पूजा उरकली. दत्तूभाऊ आणि त्यांची बायको पाटावर बसले, शेठ मागे उभे राहिले. पोहे गार झाले होते, पण मी दोन वेळा घेतले. लेले सर नवी प्रिंट घेऊन गाडीने पोचले तोवर आरती चालू होती. रोल काखेत धरून ते टाळ्या वाजवत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आम्ही तिघं बसलो. सर जरा दुखावलेले होते.

“म्हणजे मी शिस्त लावली, तीच चूक?”

“शिस्त बरोबर होती सर,” सावंत म्हणाले. “फक्त वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं गणेश ठेवली आपण. हाक मारल्यावर कुठला गणेश येईल, काय सांगावं.”

सर हसले, मग काम सोपं झालं. फाइलींच्या नावाआधी गावाचं नाव लावायचं ठरलं : पडघा-PLOT, कोन-PLOT. ड्रॉइंगमधला पत्ता ड्राइव्हपासून पूर्ण न लिहिता रिलेटिव्ह ठेवायचा, म्हणजे ‘एक फोल्डर वर जा आणि शेजारच्या सर्व्हेत बघ’ असा. त्याने अख्खं काम कुठेही हलवलं तरी पत्ता बाद होत नाही. सर्च पाथमध्ये फक्त सगळ्या कामांना लागणाऱ्या गोष्टी : फॉन्ट, टायटल ब्लॉक म्हणजे नकाशाच्या कोपऱ्यातली नाव-तपशिलाची चौकट, एवढंच. कुठल्याही एका कामाचं फोल्डर तिथे टाकायचं नाही. आणि प्रिंट काढण्याआधी एक्सरेफ मॅनेजर उघडून ‘फाउंड ॲट’ वाचायचं. मोठ्याने. हे शेवटचं सरांनी सुचवलं, आणि पाळलंही सगळ्यात जास्त त्यांनीच.

गोडाऊन ठरल्याप्रमाणे उभं राहिलं. कंपाउंड वॉलही झाली. पण त्या पूर्वेच्या बाजूला दोघा भावांनी मिळून एक छोटं गेट ठेवायला सांगितलं, जाण्यायेण्यासाठी. त्यासाठी मला ड्रॉइंग पुन्हा बदलावं लागलं. ते मी आनंदाने बदललं.

नंतर मी बऱ्याच नव्या मुलामुलींना कॅड शिकवलं. फाइल सापडत नाही असा मेसेज आला की ती घाबरतात. मी त्यांना सांगते, तो मेसेज चांगला. सॉफ्टवेअर खरं बोलतंय. काळजी तेव्हा करा, जेव्हा ते काहीच न बोलता फाइल आणून देतं.