दाजींच्या माशाचा अंत्यविधी

आमच्या घरात आजवर एकाच माशाचा अंत्यविधी झाला, आणि त्या वेळी तो मासा जिवंत होता.

ही सत्तरच्या दशकातली, आमच्या सोलापूरच्या घरातली गोष्ट. दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे, गिरिजाचे यजमान, तिथल्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. गिरिजाला घेऊन धारवाडला जाताना त्यांनी एक काचेची बरणी माझ्या हाती सोपवली. आत बोटभर मासा, सुरीच्या पात्यासारखा चपटा. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणलेला मुंबईहून. “याच्या अंगात वीज असते, पण आपल्याला जाणवणारही नाही इतकी थोडी,” दाजी म्हणाले. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, त्यातली फक्त वीज लक्षात ठेवली.

आमचं घर लिंगायत. माशानं आमचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. पण जावयाची पहिली ठेव! नाही कोण म्हणणार?

मी रोज रात्री त्याला खाऊ टाकायचो. दाजी परतायच्या दिवशी मात्र भर दुपारी बरणीत डोकावलो, तर मासा तळाशी कुशीवर निपचित!

“अव्वा, दाजींचा मासा गेला!”

आई मटकन खाली बसली. “अय्यो! लग्नाला वरीसबी झालं न्हाय. आता पोरीच्या सासरी काय तोंड दाखवू?” ती खरंच रडू लागली. बहिणीच्या संसारात मिठाचा खडा मीच टाकला, या विचारानं मलाही हुंदका फुटला.

“रडायचं मागनं,” अप्पा गंभीरपणे म्हणाले. “आदी मेन स्विच बंद कर.”

(बरणी खिडकीत होती, विजेच्या तारेपासून चांगली लांब. तरी मी केला.)

“आता पुरायचं. आपल्यात बसवून पुरतात.”

“अप्पा, मासा बसणार कसा?”

“बरणीसकट ठेवू की! बरणी बसली म्हंजे तो बसला.”

माशाला हात लावायची छाती कुणाचीच नव्हती, त्यामुळे हे सगळ्यांना पटलं. लिंबाखाली खड्डा खणला. अव्वानं बरणीवर विभूतीची तीन बोटं ओढली, बेल वाहिला. मी बोलायला उभा राहिलो, “परमुलखातून आलेला हा पाहुणा...” एवढ्यात फाटक वाजलं.

“कोण गेलं?” दाजींचा चेहरा पांढराफटक. मागे गिरिजा.

अप्पांनी हात जोडले. “जावईबापू, पोटात घ्या. तुमचा मासा.”

दाजींनी बरणी उचलून काचेवर टिचकी मारली. मासा दचकला, आणि शेपटीकडून उलटा पोहत बरणीत टाकलेल्या कौलाच्या तुकड्याआड शिरला.

“मामा, दिवसा झोपतो हो तो! असाच, कुशीवर.”

अव्वानं डोळे पुसत देवापुढे साखर ठेवली. खड्डा मात्र बुजवायचा राहिला. मला तेव्हा नोकरी नव्हती. दुपारी मी कुशीवर लवंडलो की अप्पा दारातून ओरडायचे, “हलून दाखव की रे! खड्डा तयार हाय!”

आणि मी निमूटपणे, पायांकडून उलटा सरकत, पांघरुणात शिरायचो.