डोंगराला कोण समजावणार?

माझे धाकटे दीर आ-शान घरी आले की आधी वास येतो, मग ते येतात. आमच्या तैवानातल्या गावाच्या जुन्या कचऱ्याचा आता गवताळ डोंगर झालाय, पण त्याच्या पोटात कचरा अजून कुजतोय आणि मिथेन वायू सोडतोय. तो किती, याचा अंदाज काढणं हे भावजींचं काम. कोणत्या वर्षी किती कचरा आला, त्यात खरकटं किती, कागद किती, यावरून ते आकडा मांडतात. मग जमिनीवर मोठं पातेलं पालथं घालायचं, आतली हवा नळीनं यंत्रात घ्यायची आणि पडताळायचं. माझ्या वाटीत भात उरला की म्हणतात, "वहिनी, हा पुढची काही वर्षं फुसफुसत बसेल. संपवा."

यंदा डोंगरावरच्या भूमिदेवाचा वाढदिवस तोंडावर आला आणि पर्यावरण कचेरीतून ताकीद आली: देवळापाशी वायू मर्यादेबाहेर निघाला तर तो ठिणगीनं पेटायची भीती, म्हणून उदबत्ती बंद. उदबत्तीविना देवाचा वाढदिवस!

मोजणीच्या सकाळी मी आणि सासूबाई हात जोडून उभ्या राहिलो. भावजींनी यंत्रावर खाऊचा हिरवा पुडा ठेवला. यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून अख्ख्या तैवानात ठेवतात. मात्र हिरवाच हवा, लाल-पिवळा ठेवला तर ते बिथरतं.

आकडा आला अंदाजाच्या दुप्पट, मर्यादेच्या पार बाहेर.

"मेल्या, देवाच्या दारात खोटं बोलतोस?" सासूबाई कडाडल्या.

"मी नाही गं आई, यंत्र बोलतंय."

"मी एवढे पुडे ठेवले तरी?"

"कुठे ठेवलेस?"

"पातेल्याखाली, तू यंत्र आणायला गेलास तेव्हा. तुझा पुडा यंत्रापुरता. डोंगराला कोण समजावणार?"

भावजींनी पातेलं उचललं. खाली टम्म फुगलेले हिरवे पुडे दाटीवाटीनं बसले होते. भावजीही डोकं धरून त्यांच्याशेजारी बसले.

"आई, निम्मं पातेलं तूच भरलंस! वायू तेवढाच, पण हवेला जागा निम्मी. दुप्पट दिसणारच की!"

"मग रिकाम्यानं मोज. ओरडतोस कशाला?"

रिकाम्या पातेल्यानं पुन्हा मोजलं. आकडा मर्यादेच्या आत आला. पहिली मोजणी रद्द केल्याचं भावजींनी कचेरीला कळवलं. मी देवाला नमस्कार करतेय तोच कचेरीतल्या को बाईंचा फोन.

"पहिली मोजणी रद्द का केलीत?"

भावजींनी घाम पुसला. "बाई, पातेल्यात खाऊचे पुडे होते."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"रंग?"

"हिरवा."

"मुदत संपलेले नव्हते ना?"

"छे! आईनं कालच आणले."

"मग हरकत नाही. दुसरा आकडा पाठवा."

वाढदिवसाला पहिली उदबत्ती मी लावली. मागे वळून बघते तर भावजी पाण्याची भरलेली बादली घेऊन उभे.

"हे काय, भावजी? देवावर विश्वास नाही?"

"देवावर आहे, वहिनी. पण अंदाज माझा आहे ना!"