सोजरबाईचा तळहात

माझी थोरली बहीण रजनी सोजरबाईच्या शब्दापायी जिवानिशी गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी सोजरबाईबद्दल बरं बोलले तर मी विसरले असं कुणाला वाटायला नको.

सोजरबाई सिंधीपुऱ्यात आमच्यापासून चौथ्या घरात राहायची. विणकराची विधवा, मागासाठी सुताच्या कांड्या भरून पोट भरायची. तिचे दोन्ही मुलगे देवीच्या साथीत एकाच आठवड्यात गेले, आणि तिच्या तोंडावर वण राहिले. तेव्हापासून गल्लीत कुणा पोराच्या अंगावर काही उठलं की तिला बोलावणं जायचं. ती पाठीवरून तळहात फिरवून सांगायची: गोवर, कांजण्या, की मोठी माय, म्हणजे देवी. मग त्या घरात फोडणी बंद, दाराला कडुनिंब, आणि माय थंड होईपर्यंत औषधाला हात लावायचा नाही. ती कुणाकडून काही घेत नसे. अंगात आणून घुमणाऱ्या बायांची तिला भारी चीड होती. "मायच्या नावानं ढोंग करतात मेल्या," म्हणायची.

नेपानगरच्या गिरणीत कागद निघू लागला त्या साली रजनीचा घसा धरला. ती नऊ वर्षांची, मी सहाची. थुंकी गिळवेना, ताप फणफणला. आमचे वडील वामनमास्तर. शाळेत आरोग्याचा धडा तेच शिकवायचे. त्यांनी तिला स्टेशनाकडच्या लालबागच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पेनिसिलीनची सुई दिली आणि बजावलं, "दहा दिवस रोज आणा. बरं वाटलं तरी आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी रजनीच्या मानेवर, छातीवर बारीक लाल पुरळ उठलं. आमच्याकडे राहणाऱ्या मथुराआत्याने ते पाहिलं आणि सरळ सोजरबाईला हाक मारली.

सोजरबाईने पाठीवरून हात फिरवला आणि थबकली. कातडी रेतीसारखी खरखरीत लागत होती. नाक वाहत नव्हतं, खोकला नव्हता, डोळे स्वच्छ होते. गाल लालबुंद, पण ओठांभोवती पांढरं कडं. जीभ दाणेदार लाल. यातलं काहीच गोवराचं नव्हतं, आणि तिच्या हाताला ते कळलं होतं. पण तिच्याकडे तीनच नावं होती.

"गोवरच म्हणा," ती शेवटी म्हणाली. "मास्तर, सुई बंद करा. माय आलीये अंगावर."

मास्तरांनी बंद केली. धडा शिकवणाऱ्या माणसाने! मला त्यांचा अजून राग येतो.

आठवड्याने पुरळ विरलं. रजनीच्या बोटांच्या टोकांची साल निघाली, तेव्हा आत्या म्हणाली की माय उतरली. दहीभाताचा नैवेद्य झाला. तीन आठवड्यांनी रजनीचे गुडघे सुजले, मग घोटे, मग धाप लागायला लागली. सोजरबाईच तिला कडेवर घेऊन मास्तरांबरोबर लालबागला गेली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि खूप वेळ काढली नाही.

"ही देवी नव्हती, गोवर नव्हता," ते म्हणाले. "गळ्यातल्या जंतूंचंच ते पुरळ. औषध अर्धं राहिलं की पुढे सांधे धरतात, हृदय धरतात. बाई, आधी गळा बघायचा. हात नंतर."

रजनी उन्हाळ्यात गेली. शेवटी तिला आडवं होता येत नव्हतं. आईच्या छातीला टेकून बसूनच गेली.

घरात मात्र त्याचा अर्थ वेगळाच लागला. आत्या म्हणाली, "ती एक सुई टोचली, म्हणून माय कोपली." मास्तरांनी ते मानून घेतलं. त्यांना तेच सोयीचं होतं. नाही तर सुई बंद केल्याचं पाप त्यांच्याकडे येत होतं. सोजरबाई तेराव्यापर्यंत रोज दारात येऊन बसली आणि सांगत राहिली, "माझं चुकलं. सुई बंद करायची नव्हती." तिचं कुणी ऐकलं नाही.

पुढच्या थंडीत, आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली आणि मास्तर मराठी शाळा राहते की जाते या घोरात होते, तेव्हा माझा घसा धरला. दुसऱ्या दिवशी पुरळ.

सोजरबाई न बोलावता आली. मला उजेडात नेऊन तोंड उघडायला लावलं. मग पाठीवर हात ठेवला. 

"मास्तर, हे तेच हाय. आत्ताच्या आत्ता लालबागला चला."

"एक पोरगी सुईनं नेली," आत्या आडवी आली. "हिला नाही टोचू देणार."

"मास्तर, तुम्ही बोला ना!"

मास्तर आत्याच्या मागे सरकले. आई रडत होती, पण तिला विचारतंय कोण.

सोजरबाई उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. एकाएकी तिने केस सोडले आणि घुमायला लागली. वण पडलेलं ते तोंड, फिरलेले डोळे. मी आईच्या मागे लपले.

"सुई पायजे मले!" ती ओरडली. "धा दिवस, रोज! एक चुकली त हिलेबी घेऊन जाईन!"

आत्या आडवी पडली तिच्या पायांवर. मास्तरांनी मला उचललं आणि टांग्यात घातलं. दहाही सुया झाल्या. एकही चुकली नाही.

सोजरबाईने त्यानंतर देवीच्या कामाला हात लावला नाही. कुणी बोलवायला आलं तर उंबऱ्यातूनच म्हणायची, "गळा दाखवा डॉक्टरले." देवी तिला सोडून गेली, असं लोक म्हणू लागले. बोलावणी थांबली. आमचे मास्तर मात्र मरेपर्यंत दर वर्षी देवीला साडी चढवत राहिले, मला वाचवल्याबद्दल.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी तिच्या पाया पडायला गेले. ती कांड्या भरत होती.

"अलका, त्या दिवशी माय आलीच नव्हती अंगात," ती म्हणाली. "तिच्या नावानं मी खोटं बोलली."

"मग मी जगले ना, सोजरमावशी."

"हो. पण रजनीच्या टायमाले का नाही सुचलं मले?"

मी वाकून तिच्या पायांना हात लावला. तिने माझी हनुवटी उचलली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "आ कर."