केवळाबाईंचे ससे

केवळाबाई आमच्या शेजारच्या. देवणीकडच्या, बैल पाळणाऱ्या घरातली लेक. दुष्काळात घरची जनावरं विकावी लागली तेव्हा नवरा-बायको लातुरात आली. जिल्हा नवा होता. कचेऱ्या आणि कॉलेजं भराभर उभी राहत होती, नळाला पाणी मात्र नव्हतं. एका औषधशास्त्राच्या कॉलेजात बाईंना सशांच्या खोलीवर रोजंदारीचं काम मिळालं.

"बैल सोडून ससे?" तिथले जुने शिपाई हनीफभाई चिडवायचे. "जरा मोठं जनावर मागायचं ना, बाई!"

"मोठ्याला पाजायला पानी कुठं हाय, भाई?"

ससा उचलण्याआधी बाई हात चोळून गरम करायच्या. गार हातानं तो दचकतो, म्हणायच्या.

गुरुलिंग सर तिथं सांधेदुखीवरच्या एका औषधाची चाचणी घेत होते. सशांच्या गुडघ्यात सुई देऊन सूज आणलेली होती. ते पाहिलं त्या दिवशी बाई घरी येऊन जेवल्या नाहीत. पण दुसऱ्या सकाळी कामावर गेल्या. दुखणाऱ्याजवळ कुणीतरी हवं, एवढंच बोलल्या.

रोज सकाळी सशांची वजनं व्हायची. बाजाराला जनावर न्यायचं तर आधी पोटभर पाजून न्यायचं, ही बाईंच्या माहेरची रीत. खपाटीला गेलेलं पोट चारचौघांत दिसलं तर मालकाची लाज जाते. त्या रीतीनं बाई वजनाआधी एकेका सशाला मांडीवर घेऊन पिचकारीनं ज्वारीची पातळ पेज पाजायच्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

त्यांतली एक तपकिरी सशीण पाठीची कमान करून कोपऱ्यात बसू लागली. डोळे अर्धे मिटलेले. जवळ गेलं की दात खाल्ल्याचा आवाज यायचा. लसूणघास पुढ्यात तसाच सुकायचा.

एका सकाळी सर तिच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. काटा पुन्हा पुन्हा तपासला.

"हनीफभाई, हिचं लक्षण बरं दिसत नाही. पण वजन उतरत नाही. उतरलं असतं तर हिला चाचणीतून काढून दुखणं थांबवायची सुई दिली असती. आपला नियमच तो. उगाच दिली तर औषधाचा गुण कळायचा नाही."

बाई केरसुणी घेऊन तिथंच उभ्या होत्या. वजन कशासाठी करतात आणि आपल्या पेजेनंच ते उतरत नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

सर आपल्या खोलीत गेल्यावर त्यांनी हनीफभाईंना पेजेचं सांगितलं. भाई इकडंतिकडं बघून हलकेच म्हणाले, "गप राहा. उद्यापासून पाजू नका. वजन आपोआप उतरंल, सुई मिळंल. सांगितलं तर काम जाईल."

बाई पिंजरे झाडू लागल्या. तोच पिंजरा दोनदा झाडला. कोपऱ्यातून दात खाल्ल्याचा आवाज येतच होता.

"उद्यापतूर तिनं असंच बसायचं का, भाई?" असं म्हणून त्या सरांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, वजनाआधी मी पेज पाजत व्हते."

सरांनी चष्मा काढला. "हिलाच?"

"सगळ्यास्नी. एकलीलाच कशी पाजू?"

सर उठले आणि आधी सशिणीला सुई दिली. दुपारी ती पाय पसरून निवांत आडवी झाली. दात खाणं थांबलं. बाई पिंजऱ्यापाशी बसूनच होत्या.

"बाई, या सगळ्या नोंदी आता फुकट," सर दमलेल्या आवाजात म्हणाले. "नवे ससे आणून पुन्हा सुरुवात करावी लागेल."

"म्हंजी त्यांच्या बी गुडघ्यात सुई?"

"हो."

"म्या सांगितलं म्हनून?"

सरांनी नोंदींची वही मिटली. "वजन कशासाठी, ते मी तुम्हाला सांगायला हवं होतं. आता नुसत्या काट्यावर राहायचं नाही. बसणं, डोळे, खाणं, सगळं बघायचं. शंका आली की मला बोलवा."

काम गेलं नाही. नवे ससे आले, त्यांच्याही गुडघ्यांवर सूज चढली. सूज आल्यानंतरच्या पहिल्या वजनाला बाईंनी हात चोळून एक ससा उचलला आणि उपाशीपोटीच काट्यावर ठेवला. उतरलं तर दुखणं वाढलेलं, नाही उतरलं तर सुई नाही; वजन उतरावं की उतरू नये, त्यांना ठरवता येईना.

"बाई, आकडा सांगा," सर म्हणाले.

बाईंनी वाकून काट्याकडे पाहिलं.