प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न

बाळंतिणींच्या मनःस्थितीची एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. डिप्रेशनला मी ‘नैराश्य’ लिहिलं. ज्यांना ती विचारायची होती त्या जळकोटकडच्या बायका तसं म्हणत नाहीत, ‘जीव रमंना’ म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण तसं लिहिलं तर मराठीच्या बाईला मराठी येत नाही म्हणतील, ही भीती.

गाडी अडली शेवटच्या प्रश्नावर. जीव द्यावासा वाटतो का, असं इंग्रजीत सरळ विचारलेलं. सव्वा महिनाही न झालेल्या बाळाच्या घरात असलं अभद्र कुणी बोलतं का? माझ्याच्यानं लिहवेना. ‘जीवनाविषयी अनास्था वाटते का?’ असं लिहून मी मोकळी झाले. भाषांतर नीट झालंय का हे तपासायला ते दुसऱ्या कुणाकडून परत इंग्रजीत करून घेतात; पण ते करणाऱ्यानं मूळ कागद आधीच पाहिलेला होता, त्यामुळे इंग्रजी अगदी बरोबर उतरलं. सगळ्यांनी वाहवा केली.

प्रश्नावलीच्या चाचणीला मीच जळकोट तालुक्यातल्या एका गावात गेले. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली पोरगी. आई शेजारीच शेंगा निवडत बसलेली. शेवटचा प्रश्न वाचला तशी पोरीनं आईकडे पाहिलं.

“म्हंजे काय, मॅडम?”

“काही नाही गं. कंटाळा-बिंटाळा येतो का?”

“न्हाई.”

मी ‘नाही’वर खूण केली आणि चहा घेतला. तिला कळेल असं समजावलं म्हणून स्वतःवर खूशही झाले. आज त्या खुशीची किळस येते.

आठवड्याभरानं गावातल्या आशा कार्यकर्त्या ताईंचा फोन आला. पोरीनं विहिरीत उडी घेतली होती. शेजाऱ्यांनी काढलं म्हणून वाचली. मी नांदेडच्या दवाखान्यात धावले. बाळ गावी मावशीजवळ, वरच्या दुधावर होतं. पोरीची आई खाटेच्या पायथ्याशी बसलेली. मला बघून ती उठून उभी राहिली.

“तुमी तर समदं इचारून गेलत्या, मॅडम. कागदावर काय आलं व्हतं?”

पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तीच बोलली.

“समदं इचारलं, तेवढं न्हाई इचारलं. मला वाटलं, आसं जगात फकस्त मलाच वाटायलंय.”