एकच प्रश्न

"हे काढलं तर काय अडेल?" नानाखेड्याच्या आमच्या शेजारीणबाई हे कशालाही विचारतात, माझ्या खिचडीतल्या बटाट्यालासुद्धा. राग येतो, पण बाई ग्रेटच. मोठ्या कंपन्यांचा कारभार आखायच्या पद्धती छाटून छोट्या कारखान्यांच्या मापाच्या करणं, हा त्यांचा उद्योग.

भैरवगढच्या एका कापड-छपाईवाल्याला महागडं सॉफ्टवेअर हवं होतं, म्हणून त्यानं बाईंना सल्ल्याला बोलावलं. बाईंबरोबर मीही गेले. त्यांनी खडूनं फरशीवर चौकटी आणि बाण काढून त्याचा सगळा धंदा मांडला. कुठलं काम कोणावाचून अडेल, असं बाईंनी विचारलं की कारागीर म्हणायचे, "जीजी से पूछ लो." सगळे बाण या जीजीपाशी, म्हणजे मालकाच्या मोठ्या बहिणीपाशी पोचले. ती कोपऱ्यात उभ्यानं रंग कालवत होती.

"सॉफ्टवेअर बाद में, भैया," बाई म्हणाल्या. "पहले जीजी को कुर्सी दो."

मालक स्वतःच्या खुर्चीवरून उठला.